बाई होती की नव्हती?

प्राध्यापक दीनानाथ खासगीवाले यांच्या सदाशिव पेठेतल्या घरी मुलीच्या, तनयाच्या, लग्नाची बोलणी चालू होती आणि ती सुरळीत चालू होती, हेच दीनानाथांना खुपत होतं. उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवल्यामुळे जगातल्या बहुतेकांना विचार करता येत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मुलाकडच्यांनीही ते सिद्ध करावं, म्हणून ते वाट बघत बसले होते.

मुलगा इंद्रजीत शितोळे हा तनयाच्याच ऑफिसातला. वडील रावसाहेब खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आई शकूबाई. तिघंही इतकी नीट वागत होती, की दीनानाथ कंटाळून गेले. कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही तसाच चालू होता. रावसाहेबांची नजर तिकडे गेली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"आयला, हे पिक्चर! 'मागच्या दाराशी कोण?' लई भारी! ह्यातली बायको पार येडी असती बघा."

दीनानाथांनी कप बशीत ठेवला. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं, तसं त्यांनी रावसाहेबांकडे बघितलं.

"वेडी? आपण सिनेमा पाहिला होता की नुसतं तिकीट काढलं होतं?"

सिनेमा तसा साधा. एक बंगला, त्यात नवरा-बायको. रोज तिन्हीसांजेला बायकोला मागच्या दाराशी एक बाई उभी दिसते. नवरा म्हणतो, कुणी नाही. शेवटी बायको दार उघडून बाहेर जाते, नवरा आतून कडी लावतो आणि 'समाप्त'. बाई होती की नव्हती, ते दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

"बाई नव्हतीच," रावसाहेब म्हणाले. "नवरा देवमाणूस. डाक्टर आणतो, हवापालटाला नेतो."

"बाई होती. नवऱ्यानेच तिला पैसे देऊन उभी केली होती. बायकोला वेडी ठरवून बंगला लाटायचा होता त्याला. त्याच्या बुटांना चिखल दिसतो, तो कुठून आला? की चिखलही वेडा?"

"अहो, ती त्याची पहिली बायको," दीनानाथांच्या पत्नी मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आणि मुद्दा तो नाहीच. ही बिचारी रोज सांगते, तर तो एकदा तरी उठून बघतो का? आमच्याकडे नळ गळतोय म्हटलं, तर हे मला भास होतात म्हणाले. खालच्यांचं छत ओलं झालं, तेव्हा पटलं."

"मला वाटतं, भांडीवाली असंल ती," शकूबाई हळूच म्हणाल्या. "दार कुणी उघडीनाच, तर करंल काय बिचारी?"

या मताकडे दीनानाथांनी दुर्लक्ष केलं. ते त्यांना खोडून काढता येईना.

"थोडक्यात," ते रावसाहेबांकडे वळले, "सुनेला काही दिसलं, तर आपल्याकडे आधी डॉक्टर बोलावतात. माझ्या मुलीने काय ओळखायचं ते ओळखावं."

"आन् तुमच्यात जावई म्हंजे पयल्याच दिवशी आरोपी!" रावसाहेब उभे राहिले. "चला गं. माझ्या पोरानं बुटाला चिखल लावून आलेलं चालायचं न्हाई हितं."

तारीख ठरायची राहिली. इंद्रजीत जिन्यावरून वळून वळून बघत होता. दार लागलं आणि तनया कडाडली, "बाबा, तुम्ही एका ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरवरून माझं लग्न मोडलंत? सिरियसली?"

"मोडलं नाही. मी फक्त अनुमान काढलं."

त्यानंतर तनया त्यांच्याशी बोलेना. सकाळी दोघांचा चहा बरोबर व्हायचा आणि ऑफिसातले लोक किती मूर्ख आहेत, यावर बापलेकीचं एकमत व्हायचं. आता ती कप घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागली. एकट्याने जगाला मूर्ख ठरवण्यात मजा नसते, हे दीनानाथांना उमगलं. म्हणूनच तिने एक दिवस दारात उभं राहून सांगितलं, "मी आणि इंद्रजीत तो पिक्चर बघतोय. रविवारी खडकीला निकाल सांगू. सगळ्यांनी यायचं," तेव्हा ते मुकाट्याने तयार झाले. तिथे काही बोलायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. हे त्यांना फार जड गेलं.

खडकीला शितोळ्यांच्या घरी सगळे टेबलाभोवती बसले. इंद्रजीतने घसा साफ केला.

"सर, तुमचंच बरोबर आहे. नवराच कल्प्रिट."

"आणि काका," तनया रावसाहेबांना म्हणाली, "मला तुमचं पटलं. बाई नव्हतीच."

रावसाहेबांचा चेहरा फुलला. "बघा! पोरगी हुशार हाय, मी पयल्यापासनं सांगतोय." दीनानाथांनाही भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला त्यांचं म्हणणं न ओरडता पटलं होतं, आणि तेही जावयाला! मंदाकिनीबाई आणि शकूबाई एवढ्यात कॅलेंडर काढून बसल्यासुद्धा.

पण दीनानाथांमधल्या परीक्षकाला स्वस्थ बसवेना. "छान. नेमकं कोणत्या प्रसंगात तुमच्या लक्षात आलं?"

इंद्रजीतने तनयाकडे पाहिलं. तनयाने छताकडे पाहिलं.

"तो... लिफ्टचा सीन, सर."

दीनानाथांनी सिनेमातला बंगला आठवून पाहिला. बंगला एकमजली होता. कार्ट्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. संगनमत करून दोघांनी एकेक बाप वाटून घेतला होता. 'कुठली लिफ्ट?' एवढे दोनच शब्द पुरले असते. पण ते बोलले असते, तर त्यांच्या बाजूने जगात उरलं कोण?

"लिफ्ट?" रावसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "ह्या पिक्चरात लिफ्ट कुठंय?"

"आपल्याला आठवत नसेल," दीनानाथ शांतपणे म्हणाले. "बारीक निरीक्षण लागतं त्याला. शाब्बास, इंद्रजीतराव."

टेबलाखाली कुणीतरी कुणाचा तरी पाय जोरात दाबला. चहा हिंदकळला. रावसाहेब क्षणभर घुटमळले. मग कमी कशाला पडा, म्हणून पुढे सरकले.

"ती लिफ्ट होय! आठवती की! त्या लिफ्टमधीच तर ती येडी हाय हे कळतंय. एकटीच बडबडती, लिफ्ट वर चाललेली."

"खाली," दीनानाथ म्हणाले.

"वर!"

"रावसाहेब, जाळीचं दार होतं, ते मला अजून दिसतंय. लिफ्ट खाली येत होती!"

"काय सांगता सर, बटण मी डोळ्यांनी बघितलंय!"

मंदाकिनीबाईंनी मान वर केली नाही. "शकूताई, मार्गशीर्षातलीच धरू या का? हे दोघं लिफ्टमधून उतरायच्या आत उरकलेलं बरं."