सुकन्याच्या कुपीला भंडारा

लेकीच्या प्रयोगशाळेत पाय ठेवताच सिद्धाप्पाची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण आपणहून सुटलं. होटगीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याची लेक सुकन्या सोलापुरात पाच वर्षं हृदयाच्या औषधावर संशोधन करते, हे येतानाच त्यानं अख्ख्या एसटीला ऐकवलं होतं.

सुकन्यानं त्याला चिमुकली कुपी दाखवली. हृदयाचंच औषध, पण त्यातल्या काही साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन बसवलेला. ते मोजून रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यात घालायचं, यंत्र त्याला रक्तातल्या साध्या औषधापासून वजनावरून वेगळं ओळखतं. चार महिने वाट पाहिल्यावर ते आलं होतं. आज तिचं काम बघायला पुण्याहून प्रभा मॅडम यायच्या होत्या. पटलं तर आणखी दोन वर्षं शिष्यवृत्ती, नाही तर गाशा गुंडाळायचा.

आता एवढी मोलाची वस्तू समोर आणि देवाचं नाव घ्यायचं नाही, हे धनगराला कसं जमायचं? सुकन्या "आबा, हितं नको" म्हणेपर्यंत त्यानं मूठभर भंडारा काढून "बिरोबाच्या नावानं चांगभलं" करून उधळला. नशीब, कुपीचं बूच घट्ट होतं. पण एसीच्या वाऱ्यानं हळद तराजूवर गेली, तिथून यंत्रावर, आणि उरलीसुरली नेमक्या आत आलेल्या मॅडमच्या पांढऱ्या साडीवर. मॅडम सात वेळा शिंकल्या.

पुसापुशीत अर्धा तास गेला. पोरीच्या कष्टांवर आपणच माती टाकली म्हणून सिद्धाप्पानं आपल्या पटक्यानंच फरशी पुसून काढली. नाक पुसत मॅडमनी सुकन्याला विचारलं, रक्तातून औषध वेगळं काढताना थोडं वाया जातंच, मग किती गेलं हे या जड औषधावरून कसं कळतं? सुकन्याला सगळं येत होतं, पण भीतीनं तिची दातखीळ बसली.

"मी सांगू का, बाई?" सिद्धाप्पा पुढं सरला. "हे म्हंजे खूण केलेली मेंढरं की. धा मोजून कळपात सोडायची. वढा वलांडून आठच निघाली, तर बाकी कळपातली बी धाला दोन ह्याच हिशोबानं गेली. सगळी एकाच वाटंनं गेल्यात न्हवं?"

मॅडमनी हे वहीत उतरवून घेतलं आणि वर्गात असंच शिकवीन म्हणाल्या. मग सुकन्याचीही जीभ सुटली, पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनं फाडफाड दिलं. दोन वर्षं पक्की झाली.

लेक दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा सिद्धाप्पाला अभिमानानं भरून आलं होतं. पण एक गोष्ट त्याच्या मनाला खात होती.

"एवढंच हुतं व्हय ते?" तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला. "मग पाच वर्सं कशाला घालवलीस? मला इचारायचं की."