सात नंबरचा लॅपटॉप आणि दाजी परब

मला फसवलं ते प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने. आत जुना माल, वर नवा आकडा आणि चकचकीत स्टिकर. अंधेरीच्या दुकानदाराने फक्त तो लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. असं होणार हे दाजी परबांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि फसवणुकीपेक्षा तेच मला जास्त झोंबतं.

भांडुपला माझं नळ-पाइपांचं दुकान आहे, शेजारी दाजींचं मोटर वाइंडिंगचं. जळलेल्या पंख्यात नवी तांब्याची तार गुंडाळून ते तो चालू करून देतात. खिशात पेनाच्या जागी मायक्रोमीटर. तारेची जाडी मोजायचं ते साधन, पण दाजी तारेवर थांबत नाहीत. माझ्या भाच्याच्या लग्नपत्रिकेची जाडी मोजून म्हणाले, "मुलीकडचे हात आखडून आहेत." त्यांच्या भिंतीवर एक तक्ता आहे, चहासोबतचं बिस्कीट कुठल्या वर्षी किती पातळ झालं त्याचा. कोणी कशाचंही नाव घेतलं की दाजींचं ठरलेलं, "नाव नको रे, माप सांग."

मी डोक्यावरून पाइप वाहून दुकान उभं केलं. मी भाव करायला बसलो की समोरचा पाणी मागतो. मला कोणी शिकवायला येऊ नये. पण माझ्या मुलीचा, सायलीचा, इंटिरियर डिझाइनचा कोर्स सुरू झाला, लॅपटॉप घ्यायचं ठरलं आणि दाजी स्वतःहून म्हणाले, "मी पण येतो." हातातलं गिऱ्हाईक सोडून. मला तेव्हाच शंका आली. माझ्या मुलीच्या लॅपटॉपवाचून ह्या माणसाचं काय अडलंय?

"सेव्हन घ्या सर," दुकानदार म्हणाला. "फाइव्हच्या वरचा."

"वरचा कसा?" दाजी मध्येच. "आमच्यात अठरा नंबरची तार सुतळीएवढी, छत्तीस नंबरची केसाएवढी. आकडा चढला की माल उतरला."

"काका, ही तार नाही. प्रोसेसर आहे, लॅपटॉपचा मेंदू."

"मग माप सांग."

"माप नाही, जनरेशन असते."

"पिढी? मग बापाचं नाव कुठे लिहिलंय? आणि सातच्या पुढे हे चार आकडे, शेपटाला हे अक्षर, ते कशाला?"

"ते कंपनीचं असतं, काका."

"शेपूट उगाच फुटत नाही रे विलास," दाजी मला म्हणाले.

दुकानदार हसला. मीही हसलो. मग भाव पाडला, बॅग आणि माउस फुकट काढला आणि रिक्षात बसल्यावर म्हटलं, "बघितलंत? असं घ्यायचं असतं." दाजी वहीत ते शेपूट उतरवून घेत होते.

आठ दिवसांत कळलं. कोर्ससाठी पडद्यावर काढलेली जी खोली सायलीच्या मैत्रिणीचा फाइव्ह भिंगरीसारखी फिरवतो, तीच आमच्या सेव्हनवर अडकून बसते. मी बिल घेऊन अंधेरी गाठली. दुकानदाराने शांतपणे समजावलं. शेपटातलं अक्षर म्हणजे बॅटरी वाचवणारा, हळू चालणारा. चार आकड्यांतला एक सांगतो की आतली चिप जुन्या पिढीतली. "पण सेव्हनच दिलाय ना सर? नावात खोटं काहीच नाही." मी काउंटरवर हात आपटला. त्याने पाणी मागवलं. माझ्यासाठी.

दाजींना मी काही बोललो नाही. तरी ते रोज चार वाजता शटर अर्धं ओढून आमच्या घरी जायला लागले. मला वाटलं, मजा बघायला जातात. एक दिवस मीही मागोमाग गेलो.

बायको चहा ओतत होती. लॅपटॉपखाली एक छोटा पंखा लावलेला, दाजींनी स्वतः तार भरून केलेला. पडद्यावर चाळीतली एक खोली. दाजी मांडीवरच्या जुन्या वहीतून वाचत होते, "मोरीचा कठडा नऊ इंच. फडताळ जरा खाली घे गो बाय, तिचा हात पोचायचा नाही."

दाजींची चाळ पाडून तिथे टॉवर आला. दाजींची बायको, आमच्या मालतीवहिनी, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. खोली सोडायच्या दिवशी दाजींनी टेप घेऊन कोपरान् कोपरा मोजला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"फोटो नाही काढलात?" मी विचारलं.

"फोटोत आत जाता येत नाही रे. सायली म्हणते, ह्याच्यात चालत जाता येतं."

सायलीने खोली सुरू केली. दार उघडलं. उंबऱ्यावरून एक पाऊल आत पडलं आणि ओट्याकडे वळताना चित्र थिजलं. रोज तिथेच थिजतं, सायली म्हणाली.

दाजींनी पंख्यावर हात ठेवला. "गरम झाला असेल. थांबू या." तारेच्या नंबरांबद्दल एक शब्द नाही. शेपटाबद्दलही नाही. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुकानदाराचं मी बघून घेईन. पण आत जुना माल भरून वर सात लिहायचं ज्याने ठरवलं, त्याला मला समोर बसवायचं आहे. मला त्याच्याकडून नाव नको, माप हवं. उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत दाजींच्या वहीत नऊ फूट चार इंच आहेत. तेवढं चालायला दाजींना अजून किती दिवस लागणार, ते त्याने सांगावं.