ओट्यावरची छतरी

मला कुणी फसवू शकत नाही. गर्व नाही, धंद्याचा भाग आहे. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. माणूस खुर्चीत बसायच्या आत मला कळतं, ह्याची गाडी खरंच खांबावर आदळली की मेहुण्याने आदळवली. जयपूरला बदली होऊन आलो, मुरलीपुऱ्यात फ्लॅट घेतला, इथेच रुळलो. आणि इतक्या वर्षांत एकाही रिक्षावाल्याने मला लांबच्या रस्त्याने नेलेलं नाही!

त्यामुळे स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा ठरला तेव्हा मी जाहीर केलं, "दगड मी निवडणार."

आमचा जुना ओटा बिल्डरने बहुधा पाचवीतल्या मुलीसाठी बांधलेला होता. विभा, म्हणजे माझी बायको, चांगली उंच. पोळ्या लाटताना ती कुणाच्या पाया पडल्यासारखी वाकलेली असायची. "अहो, कंबर गेली माझी," हे वाक्य आमच्या घरात कुकरच्या शिट्टीइतकंच नेमाने ऐकू यायचं, आणि मी शिट्टीइतकंच ते मनावर घ्यायचो.

तेवढ्यात विभा भाचीच्या लग्नासाठी सांगलीला गेली. मी ठरवलं, ती यायच्या आत ओटा तयार! महिनाभर मोबाइलवर अभ्यास केलेलाच होता. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, संगमरवर, कोटा. कुठल्या दगडावर लिंबाचा डाग पडतो, कुठल्यावर गरम कढई ठेवली की तडकतो, सगळं तोंडपाठ. काळं ग्रॅनाइट घ्यायचं हे जवळजवळ पक्कंच होतं.

"बाबा, मी येते ना सोबत," अवनी म्हणाली. ही आमची मुलगी, कॉलेजात आहे, जन्म इथलाच. "मतलब, तुमची हिंदी थोडी..."

"थोडी काय? ऑफिसात दिवसभर हिंदीच बोलतो मी!"

"बोलता. पण समोरचे लोक नंतर मला फोन करून विचारतात."

मी दुर्लक्ष केलं आणि एकटाच झोटवाड्याला गेलो.

तिथे गोरधनजींचं दगडाचं मोठं गोदाम आहे. गोरधनजी म्हणजे साठीचे, पांढऱ्या मिशांचे, अत्यंत अदबशीर गृहस्थ. मी सरळ मुद्द्यावर आलो.

"हमको एक ओटा करना है."

"ओटा? मतलब?"

"मतलब..." मी हाताने आडवा आकार काढला. "पत्थर का. चबूतरा जैसा."

"अच्छा, चबूतरा! किनके लिए, साहब?"

"मिसेस के लिए."

गोरधनजींनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. "मैडम...?"

"वो तो गई. इसी महीने."

त्यांनी डोळे मिटले. मग स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची पुसली. गिऱ्हाइकाचा एवढा मान! सांगलीत फरशीवाला आपल्याला फरशीवरच बसवतो.

"बहुत दुख हुआ," ते म्हणाले.

"तकलीफ तो होती है. खाना खुद बनाना पड़ता है," मी म्हणालो. "बेचारी इतने साल बोलती थी, ओटा करो, ओटा करो. कमर दुखती थी उसकी. तब मैंने सुना नहीं. अब उसके पीछे कर रहा हूँ."

"सब ऐसे ही करते हैं, साहब," गोरधनजी म्हणाले, आणि त्यांनी चक्क उपरण्याने डोळे टिपले. मला वाटलं, दगडाची भुकटी गेली असेल.

"बारहवाँ हो गया?" त्यांनी हळूच विचारलं.

अवनीच्या बारावीची चौकशी! हा जयपूरचा खास जिव्हाळा. "हो गया, हो गया! एकदम अच्छे से हो गया. पेढ़े बाँटे सबको!"

"पेढ़े?"

"हमारे महाराष्ट्र में पेढ़े ही बाँटते हैं."

गोरधनजींनी मिशीवरून हात फिरवला. देशात किती विविधता आहे, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

मग आम्ही दगडाकडे वळलो. मी काळं ग्रॅनाइट म्हणताच त्यांनी मान हलवली. "काला नहीं, साहब. मैडम के लिए सफ़ेद ही शोभा देगा. मकराना."

"लेकिन सफेद पे हल्दी का डाग पड़ेगा!"

"हल्दी-कुमकुम तो चढ़ेगा ही. उससे तो शोभा बढ़ती है."

महिनाभराच्या अभ्यासात हा मुद्दा कुठेच आला नव्हता! पण माणूस अनुभवी. मी संगमरवराला मान्यता दिली.

"ऊपर छतरी भी लगेगी?"

छतरी म्हणजे चिमणी, हे मी लगेच ओळखलं. शेगडीवरचं ते धूर ओढणारं यंत्र. भाषा अशी संदर्भाने समजून घ्यायची असते. "छतरी तो चाहिए ही! धुआँ बहुत होता है."

"धूप-दीप का होता ही है. और ज्योत?"

बर्नर! "चार ज्योत."

"चार? अखंड?"

"नहीं नहीं, अखंड नहीं परवडता! रोज दो, सणवार को चार."

"और बैठाना कहाँ है?"

"घर में ही. रसोई में."

गोरधनजींनी हात जोडले. "जहाँ उनकी आत्मा बसती थी!"

विभाचा आत्मा स्वयंपाकघरात वसतो हे तिच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नसती. पण व्यापारी माणूस, थोडं गोड बोलणारच. शेवटी त्यांनी विभाचा पूर्ण उंचीचा एक फोटो मागितला. माणूस ओट्याची उंची फोटोवरून ठरवतो! ह्याला म्हणतात कारागीर! मी आमेरच्या किल्ल्यावरचा, कमरेवर हात ठेवलेला फोटो पाठवून दिला.

पुढचे दिवस तर मी भारावलोच. गोरधनजींचा रोज फोन. "साहब, खाना खाया?" दोनदा त्यांच्या घरून डबा आला, दाल-बाटी आणि वर तूप. मी अवनीला म्हटलं, "बघ, गिऱ्हाइकाशी कसं वागतात!"

"बाबा, कुछ तो गड़बड़ है," अवनी बाटी खाता खाता म्हणाली.

दगड घडवायला गोरधनजींना उशीर झाला आणि विभा आधी परत आली. हरकत नाही, म्हटलं, समोरासमोर आश्चर्याचा धक्का देऊ. रविवारी सकाळी ती जुन्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटत होती, नाकाला पीठ लागलेलं, आणि बेल वाजली.

"तूच उघड!" मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

दारात गोरधनजी. पाय अनवाणी, हात जोडलेले, हातात झेंडूचा भला मोठा हार. मागे चार मजूर, तेही माना खाली घालून, आणि गोणपाटाने झाकलेली एक हातगाडी.

गोरधनजींनी विभाकडे पाहिलं. हातातल्या मोबाइलवरच्या फोटोकडे पाहिलं. पुन्हा विभाकडे पाहिलं.

"आप... उनकी बहन?"

"किनकी बहन? मैं इनकी मिसेस हूँ."

गोरधनजी माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरची अदब मी डोळ्यांदेखत गळून पडताना पाहिली.

"दूसरी? इतनी जल्दी, साहब? अब समझा मैं पेढ़े!"

"दूसरी?" विभाने लाटणं घट्ट धरलं. "अहो, पहिली कोण?"

"तूच! तूच पहिली, तूच दुसरी! म्हणजे दुसरी नाहीच!" मी ओरडलो. मजुरांनी ह्या गडबडीत हातगाडीवरचं गोणपाट काढलं. शुभ्र संगमरवरी चौथरा. चार कोरीव खांब. आणि वर घुमट! राजस्थानात वारलेल्या माणसाच्या स्मारकावर असा दगडी घुमट उभारतात, आणि त्याला म्हणतात छतरी. हे मला त्या क्षणी, विभाला माझ्या आधी, आणि अख्ख्या मजल्याला आमच्या दोघांच्याही आधी कळलं होतं. कारण शेजारपाजारचे बाहेर येऊन आधीच नमस्कार करून उभे होते!

अवनी हसून हसून चपलांच्या स्टँडवर कोसळली. "बाबा! तुम्ही आईला ऑफ करून टाकलं!"

चौथऱ्यावर काळ्या दगडाची एक पाटी होती. त्यावर विभा, कमरेवर हात. खाली अक्षरं. विभा पुढे झाली आणि तिने मोठ्याने वाचलं.

"स्वर्गीय विभा देवी. जिन्होंने बरसों कमर का दर्द सहा, और पति ने सुना नहीं."

ते वाक्य माझंच होतं, नाकारणार कसं?

विभाने पदराने नाकावरचं पीठ पुसलं. मला वाटलं आता लाटणं येणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हो."

"इतकी वर्षं मला वाटायचं, पोचतच नाही तुमच्यापर्यंत." ती क्षणभर त्या पाटीकडे बघत राहिली. "ऐकू येत होतं, आणि सांगितलंत कुणाला, तर दगडवाल्याला!"

दाव्यांच्या तपासणीत समोरच्याने कबुली दिली की आम्ही फाइल बंद करतो. इथे फाइल माझीच होती.

मग ती गोरधनजींकडे वळली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाली, "भाईसाहब, अंदर आइए, चाय लीजिए. फिर हम आपके गोदाम चलते हैं."

गोरधनजींचा चहा संपेपर्यंत त्यांना सगळा उलगडा झाला होता, आणि ते इतके हसले की घुमट त्यांनी स्वखुशीने परत नेला. झोटवाड्याला विभाने काळ्या ग्रॅनाइटच्या एका लादीवर पाणी ओतलं, हात फिरवला, तिथल्याच एका फळीशी उभी राहून लाटल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "हा. आणि एवढ्या उंचीवर." संपलं! माझ्या अभ्यासातलं एक अक्षरही तिने विचारलं नाही.

ओटा फार सुरेख झाला. विभा ताठ उभी राहून पोळ्या लाटते आणि ताठ उभी राहूनच मला बोलते. आवाज आता अधिक स्पष्ट येतो.

परवा ऑफिसातल्या सहकाऱ्याची बायको, जयंतीवहिनी, सहज आल्या होत्या. ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती छान दगड! भाऊजींनी निवडला?"

"नाही हो," विभा म्हणाली. "ह्यांनी माझ्यासाठी वेगळंच घेतलं होतं. पांढरं, मकरान्याचं. कोरीव खांब, वर घुमट."

"अय्या, घुमट!" वहिनींचे डोळे विस्फारले. "बंगला? सिव्हिल लाइन्समधल्या मंत्र्यांसारखा?"

"हो ना. आणि तोही माझ्या एकटीच्या नावावर!"

वहिनी माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागल्या की मी टाकीतलं पाणी बघायच्या निमित्ताने गच्चीत निघून गेलो.