हौसाक्काचे वाटेकरी

हौसाक्काला 'गिऱ्हाईक' हा शब्द चालत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका सुनेनं फोनवर कुणाला तरी "भाजीवाल्या मावशी आल्यात, ठेवते" म्हटलं, तर हौसाक्कानं तिच्या हातातली पिशवी परत घेतली.

"भाजीवाली असतो तर मापात मारलो असतो की तुला! मी वाटा द्याय आलोय. तू वाटेकरी हायस. म्हन, वाटेकरी."

सुनेनं म्हटलं. मग पिशवी मिळाली.

आमच्या कोल्हापुरात बायकाही स्वतःला 'आलो, गेलो'च म्हणतात. हौसाक्का ते जरा चार बिल्डिंगांना ऐकू जाईल असं म्हणते, एवढंच.

कसबा बावड्याला, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नवे फ्लॅट, यांच्या मधे तिचं रान आहे. दिवाळी झाली की ती लोकांकडून हंगामाचे पैसे आधीच घेते आणि थंडी सरेपर्यंत दर शनिवारी रानात जे निघेल त्याचे सारखे वाटे घालून जुन्या मोपेडवरून घरपोच करते. शहाणी माणसं याला सबस्क्रिप्शन म्हणतात. हौसाक्काचा नियम एकच: "वाट्याला आलं ते खायाचं." बदलून मिळत नाही. मेथी नको, पावटा द्या, असं म्हणणाऱ्याला पुढच्या शनिवारी दुप्पट मेथी येते.

मी यात कसा सापडलो ते सांगायची लाज वाटते, म्हणून सविस्तर सांगतो. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत सातबाऱ्यांच्या ढिगात गेली. वाटा म्हटलं की मला भाजी दिसत नाही, जमीन दिसते. फिरायला गेलो असताना बांधावरून हौसाक्कानं हाक मारली, "ओ पावणं! वाटेकरी व्हनार का माझ्या रानात? पैसं मातर आदी लागत्यात."

रक्कम ऐकून मला घाम फुटला. एवढ्याशा पैशात, बावड्यात, जमिनीत वाटा! म्हातारीला भाव ठाऊक नसावा, अशा अत्यंत हलकट विचारानं मी तिथल्या तिथे पैसे मोजले. घरी बायकोला सांगितलं. बायकोनं तिच्या बहिणीला सांगितलं, म्हणजे जिल्ह्याला सांगितलं. शिरोळहून साडूचा फोन आला, "बंगला बांधताय म्हणं?"

शनिवारी आम्ही दोघं रानात गेलो. बायको ठेवणीतल्या साडीत, मी आधार कार्ड, दोन फोटो आणि पेढे घेऊन. हौसाक्कानं पेढा तोंडात टाकला आणि माझ्या हातात पाल्यासकट मुळ्यांची जुडी दिली.

"आणि सातबारा?" मी विचारलं.

"सातबारा कशाला? मुळा हाय की!"

त्या दिवशी बायको घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मुळ्याची भाजी मात्र तीनदा वाढून घेतली.

मग आमच्या सोसायटीनं फाटकावर पाटी लावली, 'विक्रेत्यांस प्रवेश नाही'. हौसाक्का चिखलाच्या पायांनी पाटीसमोर उभी राहिली. "ह्यात माझं नाव कुटं हाय? मी इकाय आलोच न्हाय." आणि लिफ्टनं वर गेली. सेक्रेटरी भांडायला उतरले आणि चाकवताची पेंडी घेऊन परत गेले. पाटी अजून आहे. हौसाक्का तिच्यावर पोतं वाळत घालते.

एकदा हौसाक्काचा फोन आला, "आवंदा माव्यात बी वाटा हाय बरं का." मी दूध आटवून केलेला मावा समजून डबा घेऊन गेलो. धुक्यानं कोबीवर कीड पडली होती, तिला मावा म्हणतात. वाट्याला अर्धा कोबी आला. मी तोंड वाकडं केलं.

"वाटेकरी हायस न्हवं? मग चांगल्यात तेवडा वाटेकरी व्हय रं मर्दा?"

मी डबा पाठीमागं लपवला.

या 'वाटा' शब्दापायीच तिचं माहेर तुटलंय. बाप, म्हणजे आबा, गेल्यावर धाकट्या भावानं, तानाजीनं, हक्कसोडाचा कागद पुढं केला. आपल्याकडची रीत अशी की बहिणीनं सही करायची, साडी नेसायची आणि डोळे पुसत सासरी जायचं. हौसाक्काला सासर उरलं नव्हतं. नवरा गेलेला, मूल नाही. "साड्या माझ्याकडं हायत," ती म्हणाली, "वाटा टाक." वाटा मिळाला, भाऊ तुटला. बांधापलीकडचा ऊस त्याचा, पण तो येता-जाता मान फिरवतो. भाऊबीजेलाही येत नाही. "न्हाय बोलत तर न्हाय," हौसाक्का म्हणते. "मी काय वाळून गेलो?" आणि उगाच बांधाकडच्याच वाफ्यात खुरपत बसते.

भोगीच्या आदल्या दिवशी माझ्या दारात एक मिशाळ गृहस्थ उभे. माझ्या बंगल्याची बातमी साडूमार्फत फिरत फिरत तानाजीपर्यंत पोचली होती.

"आमच्या आक्काच्या रानात तुमी कोन वाटेकरी? एकली बाई बगून जमीन लाटताय व्हय?"

मी आत जाऊन पिशवी आणली आणि त्यांच्यापुढं जमिनीवर पालथी केली. मुळा, पावटा, गाजरं, वांगी. "एवढीच जमीन लाटली," मी म्हणालो.

तानाजीरावांनी वाकून एक मुळा उचलला, हुंगला. "आबाचंच बी हाय," म्हणाले आणि मुळा खातच जिना उतरले.

मी तसाच, रिकामी पिशवी घेऊन रानात गेलो. हौसाक्का भोगीचे वाटे घालत होती. म्हटलं, "आक्का, तुमचा भाऊ येऊन मला शिव्या घालून गेला."

"तान्या? लई भांडला?" तिचा चेहरा उजळला. "कसं म्हनला? हाय तसं सांग."

"म्हणाला, आमच्या आक्काच्या रानात तुम्ही कोण..."

"आमच्या रानात म्हनला असंल."

"नाही. आक्काच्या."

"आन् आमच्या आक्काच्या?"

"आमच्या आक्काच्या."

हौसाक्कानं एक रिकामी पिशवी झटकली, तीत सगळ्यातलं थोडं थोडं घातलं, आणि मग एकेक करून वांगी परत बाहेर काढू लागली. दर शनिवारी आम्हाला दरडावणारी हौसाक्का!

"तान्याला वांगं चालत न्हाय," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं. व्हट सुजत्यात."

काढलेली सगळी वांगी तिनं माझ्या हातातल्या पिशवीत टाकली.

"आक्का, मलाही वांगी फारशी..."

"वाट्याला आलं ते खायाचं," हौसाक्का म्हणाली. पण इतक्या हळू, की शेजारच्या बिल्डिंगलासुद्धा ऐकू गेलं नसेल.