हेर गजरा माळत नाही

आमच्या पेठेतल्या एका वीरांगनेची नऊवारी ऐन लढाईत सुटायला लागली होती. शत्रूमुळे नाही, नलूताई परचुऱ्यांमुळे. मंडळाचा जिवंत देखावा सुरू होणार, तेवढ्यात नलूताई स्टेजच्या मागे गेल्या, त्या मुलीच्या खांद्यावरची सेफ्टीपिन काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "त्या काळात सेफ्टीपिन नव्हती," एवढंच म्हणाल्या. मग आमची वीरांगना एका हातानं किल्ला लढवत होती आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत होती. टाळ्या मात्र जोरात पडल्या. लोकांना वाटलं, हाताला जखम झाली आहे.

नलूताई आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. त्यांच्या पर्समध्ये नेलपॉलिश पुसायची बाटली आणि कापूस कायम असतो. आमच्याकडे गणपतीत, शिवजयंतीला, पाडव्याच्या शोभायात्रेत बायकांनी ऐतिहासिक वेष करायची हौस फार. त्यातली प्रत्येक रणरागिणी नलूताईंसमोर हात पुढे करून उभी राहते, शाळेत मुली नखं तपासायला उभ्या राहायच्या तशी. ज्यांना हे माहीत नाही त्या बाहेरच्या मुली आधी हसतात. नंतर हसत नाहीत.

मागच्या शोभायात्रेत एक मुलगी घोड्यावर बसून गॉगल लावून आली. गॉगल नलूताईंनी आधीच जप्त केला. मग म्हणाल्या, "तलवार उजव्या बाजूला लटकवली आहेस, काढणार कुठल्या हातानं?"

"आजी, फोटोपुरतीच आहे."

"हो का? मग समोरच्या सैन्यालाही तसं कळवून ठेव."

मुलगी घोड्यावरून उतरली, तलवार डावीकडे बांधली आणि परत चढली. घोड्यानंसुद्धा हूं की चूं केलं नाही.

त्यांचं पालुपद एकच, "पुरावा काय?" दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, पुरावा काय? मी म्हणालो काल मी लवकर झोपलो, पुरावा काय? आमच्या घरात हे आता साथीसारखं पसरलंय. परवा मी हिला म्हणालो, आमटीला मीठ कमी आहे. तर ही मला विचारते, पुरावा काय?

गंमत म्हणजे पुरुषांच्या वेषातल्या चुकांकडे नलूताई ढुंकून बघत नाहीत. एकदा एक मावळा पायात बूट घालून किल्ल्यावर चढला, तरी त्या गप्प. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुरुषांचं बघायला बरेच जण आहेत. बायकांचं कोण बघणार?" लढलेल्या बायका आणि त्यातही हेरगिरी केलेल्या बायका, हा त्यांचा खास प्रांत. तिथे त्या कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

आणि नेमका तिथेच पिंटूशेठ आडवा आला. पिंटूशेठ म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. हार्डवेअरचं दुकान, गळ्यात जाड साखळी, मन सोन्यासारखं आणि आवड फटाक्यांच्या दुकानासारखी. गेल्या वर्षीच्या देखाव्यात त्यानं एक स्त्री हेर दाखवली होती. ती धुरातून, ट्रॉलीवर उभी राहून, वरून खाली आली. अंगावर जरीचा शालू, अंबाड्यावर गजरा, नाकात ही एवढी नथ आणि कमरेला कट्यार. आल्याआल्या तिनं हात वर करून सांगितलं, "मी हेर आहे."

नलूताई पहिल्या रांगेतून उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे ज्याला कळलं त्याच्या लेखी ती हेर नाही, कैदी आहे. आणि हेर गजरा माळत नाही. वासावरून कुत्रं मागे लागेल."

लोक हसले आणि पिंटूशेठला ते झोंबलं. यंदा जुलैतल्या मीटिंगमध्ये त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ताई, या वर्षी तुमच्या मनासारखं करा. मी मध्ये तोंड घालणार नाही. पण पब्लिक थांबलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही खुर्चीत बसायचं, प्रसाद खायचा आणि देखाव्याला हात लावायचा नाही."

"कबूल," नलूताई म्हणाल्या. मला त्यांची काळजी वाटली. त्या बाईंना भाऊबीजेला यायला कुणी नाही, दिवाळीत फराळ पाठवायला कुणी नाही. वर्षभर त्या या दहा दिवसांची वाट बघतात. ते गेलं, की उरली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी.

तालमी सुरू झाल्या. निवेदन दरवर्षी माझ्याकडे असतं, कारण माझा आवाज भारदस्त आहे आणि फुकट आहे. हेराच्या कामासाठी ऋतुजा होती, अमरावतीची, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहून आयटीत नोकरी करणारी. नलूताईंनी तिला विटलेलं लुगडं दिलं, नथ काढली, नेलपॉलिश तर पहिल्याच दिवशी गेलं. कथा साधी होती. एका किल्ल्याच्या दरवाजाशी एक बाई रोज गोवऱ्या विकायला येते, बरोबर लहान मुलगी. ती आत जाते, बाहेर येते आणि शेवटी किल्ला पडतो.

"ताई, मला एकही डायलॉग नाही?" ऋतुजानं विचारलं.

"आहे. दारात पहारेकरी अडवतो, तेव्हा मुलीला चिमटा काढायचा. ती भोकाड पसरेल. मग तिच्यावर ओरडायचं. पहारेकरी वैतागून म्हणेल, जा बाई आत."

"चिमटा कशाला?" पिंटूशेठ म्हणाला. आणि मग अख्ख्या पेठेच्या वतीनं त्यानं विचारलं, "ताई, याला पुरावा काय?"

आम्ही सगळे नलूताईंकडे बघायला लागलो. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. "चिमटा राहील," एवढंच म्हणाल्या. पुराव्याशिवाय त्यांनी काही ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पहिल्या दिवशी गर्दी चांगली जमली. स्पर्धेचे परीक्षकही आले. देखावा झाला, किल्ला पडला, दिवे लागले आणि एकदम शांतता. मग मागून कुणीतरी विचारलं, "हेर कुठंय?" ते ऐकून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. एक परीक्षक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मुख्य कलाकार आजारी आहे का? तसं असेल तर आम्ही परवा येतो." आता यांना काय सांगणार? मी परवा या म्हणालो. ऋतुजा स्टेजवर गोवऱ्यांची पाटी घेऊन उभी होती, आणि परीक्षक तिच्याच बाजूनं वाट काढत निघून गेले.

पिंटूशेठनं कपाळावर हात मारला. "ताई, संपलं. परवा शालू, ट्रॉली आणि धूर."

मला वाटलं, आता जुंपणार. पण नलूताई खुर्चीतून उठल्या. पर्स उचलली आणि जिना चढून घरी गेल्या. भांडल्या असत्या तर मी निवांत घरी जाऊन जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो. त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, "एवढं मनाला लावून घेऊ नका. आपण नवीन काहीतरी काढू."

"कुणालाच दिसली नाही ती," त्या म्हणाल्या. "बरोबरच आहे म्हणा. आईपण कुणाला दिसली नाही."

मी कप खाली ठेवला.

त्यांच्या आईचं, द्वारकाबाईंचं, माहेर बांद्याकडचं, गोव्याच्या हद्दीलगतचं. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाई माहेरी जायच्या आणि तिथून नातेवाइकांना भेटायच्या निमित्तानं हद्द ओलांडायच्या. बरोबर लहानगी नलू. गोव्यात लढणाऱ्या लोकांसाठीच्या चिठ्ठ्या नलूच्या परकराच्या काठात शिवलेल्या असायच्या. नाक्यावर शिपाई आडवा आला, की आई तिला दंडाला कचकन चिमटा काढायची. नलू गळा काढायची, आई तिच्यावर ओरडायची, आणि शिपाई कान झाकत म्हणायचा, जा.

"मला काही माहीत नसायचं. खरंच दुखायचं म्हणून रडायचे. पुढं गेल्यावर आई मांडीवर घेऊन गुळाचं खाजं खायला द्यायची आणि दंडावर फुंकर घालत बसायची. मला वाटायचं, ही अशी काय करते? आधी चिमटा, मग फुंकर."

गोवा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी, अशा लोकांचा सन्मान करायचा म्हणून अर्ज मागवले होते. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून द्वारकाबाई एका कचेरीत गेल्या, नलूताईच घेऊन गेल्या होत्या. तिथल्या साहेबानं मान वर न करता विचारलं, पुरावा काय?

"आई म्हणाली, चिठ्ठ्या पोचल्या, की लगेच जाळून टाकायचे. आणि उठली. परत तो विषय तिनं काढला नाही. मला मात्र ते दोन शब्द चिकटले ते चिकटलेच."

वर्षानुवर्षं आम्ही या बाईंच्या पालुपदाची नक्कल करून हसत होतो. मी चहा संपवला आणि खाली येऊन पिंटूशेठला गाठलं. नलूताईंच्या आईचं त्याला सांगितलं नाही, एवढंच म्हणालो, "शालू राहू दे. मला फक्त निवेदनाचा शेवट बदलू दे. एक दिवस दे."

"एकच," तो म्हणाला.

परीक्षक आले. देखावा झाला, किल्ला पडला, दिवे लागले. "हेर कुठंय?" असं कुणी विचारायच्या आत मीच माइकवर विचारलं, "मंडळी, किल्ला पडला. तो पाडणारी बाई सगळा वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होती. कुणी पाहिली?"

कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला पाणी भरणारी, दुसरा म्हणाला दळणारी. एका काकूंनी तर पहारेकऱ्यालाच बाई ठरवलं. मग ऋतुजानं पाटी खाली ठेवली, ताठ उभी राहिली आणि गोवऱ्यांच्या खालून किल्ल्याचा नकाशा काढून दाखवला. असा काही ओरडा झाला, की विचारू नका. लोक पुढचा खेळ बघायला तिथेच थांबले, या वेळी नीट बघू म्हणून. परीक्षकही थांबले. पिंटूशेठ दुकानातला माल पहिल्यांदाच बघतो आहे अशा चेहऱ्यानं गर्दीकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी काय बसवायचं?"

शेवटच्या दिवशी मी कुणालाच न विचारता एक आगाऊपणा केला. टाळ्या थांबल्यावर म्हणालो, "अशी एक बाई आपल्याच पेठेत राहत होती. तिचं नाव द्वारकाबाई परचुरे. तिनं लेकीच्या हिरव्या परकरात चिठ्ठ्या शिवून हद्दीपलीकडे पोचवल्या. तिला कुणी पाहिलं नाही. आज तिच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा." हिरवा हे मी आपलं ऐकायला बरं वाटतं म्हणून घातलं.

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. पिंटूशेठनं डोक्यावरची टोपी काढली. नलूताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या आणि रडत होत्या, लपवत नव्हत्या.

गर्दी ओसरल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता आभार मानतील. त्यांनी नेलपॉलिशवाला कापूस काढला, तो परत ठेवला, मग रुमाल काढून नाक पुसलं.

"हिरवा नव्हता," त्या म्हणाल्या. "निळा होता."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पुरावा काय?"

"त्या परकरात मीच होते की," नलूताई म्हणाल्या, आणि डावा दंड हळूच चोळला.