घरघरीची कॅसेट

भगवानरावांनी परभणीहून टेपरेकॉर्डर आणला, तो आईच्या ओव्यांसाठी. सगुणाबाईंएवढ्या ओव्या ताडकळसात कुणाला येत नव्हत्या, आणि त्या सगळ्या एकट्या त्यांच्याच डोक्यात होत्या. अलीकडे त्या डोक्यातून चुलीवरचं दूधही निसटायला लागलं होतं. म्हणून ही घाई.

"हं, म्हण माय."

सगुणाबाईंनी टेप हातानं बाजूला सारला. "जातं फिरल्याबिगर कसं म्हणू? ओव्या काय माझ्या तोंडात हायत व्हय? हातात हायत."

गावात गिरणी आल्यापासून जात्याचा वरचा दगड न्हाणीत पाय घासायला पडला होता. तो काढला, धुतला, नवा खुंटा ठोकला. सून कुसुमबाईनं ज्वारी दिली. आवाज साफ यावा म्हणून भगवानरावांनी टेप थेट जात्याला खेटून ठेवला. सगुणाबाई दुपारभर गायल्या.

दिवेलागणीला कॅसेट लावली. घर्र, घर्र, घर्र. ओवीचं नावच नाही.

"पीठ मातर झकास आलंय," कुसुमबाई म्हणाली.

पुन्हा भरायचं ठरलं. पण त्याआधी सगुणाबाईंना ताप आला. ताप उतरला, तो बरंच काही सोबत घेऊन. ओव्या गेल्या, आणि लेकही गेला. भगवानराव समोर आले की सगुणाबाईंना त्यांच्यात आपला वारलेला नवरा दिसे. त्या डोक्यावर पदर ओढून, अंग चोरून विचारत, "जेवलाव का, धनी?"

"जेवलो," भगवानराव मान खाली घालून म्हणत.

एका दुपारी त्यांनी उगाच ती मुकी कॅसेट लावली. घरघर सुरू झाली, आणि गोधडीवरचा आईचा हात हळूच गोल फिरू लागला. मग आवाज आला, पातळ, पण सुरात:

मोर्च्याच्या गर्दीमंदी, लेक कसा वळखू बाई
निळ्या टोपीच्या खाली, माझ्या दुधाची साई

भगवानरावांनी दुसरी कॅसेट घालून घाईनं तांबडं बटण दाबलं. पण घरघर थांबली तशी ओवीही थांबली. वाजवायला आणि भरायला टेप एकच!

"आता वो?" कुसुमबाईनं विचारलं.

"आता मी दळतो."

"तुमी? समदी गल्ली हसंल."

"हसू दे."

या खेपेला टेप आईच्या उशाशी ठेवला आणि भगवानराव ओसरीवर जात्याला बसले. दारातून जाणारी कडूबाई थबकली. "अगं बया! साहेब दळायलेत! आन् कुसुम, तू काय हापिसात जायलीस का आता?"

भगवानरावांनी वर पाहिलं नाही. मुठीमागून मूठ टाकत ते जीव खाऊन खुंटा फिरवत राहिले. आत ओवीमागून ओवी येत होती. मोर्च्याची आली, माहेराची आली. आणि मध्येच गाणं तुटलं.

"भगवान! मुडद्या, मुठी केवढ्या टाकायलास? पीठ जाडं पडायलंय, आवाजावरनं कळंना का तुला?"

जातं जागच्या जागी थांबलं.

ती कॅसेट अजून लागते. सगळ्या ओव्यांमागं घरघर आहे. कान देऊन ऐकाव्या लागतात. तेवढी एक शिवी मात्र लख्ख ऐकू येते.