मधमाशा बोलत नाहीत

दवाखान्याची किल्ली सापडत नव्हती आणि दाढ ठणकणाऱ्या एक आजी साडेनऊला येणार होत्या. सव्वानऊ वाजले होते. दातांच्या डॉक्टरांनी खिसे, बॅग, चपलांचं कपाट सगळं पालथं घातलं. तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची लेक भिंगरी धापा टाकत आली.

"तुला माहितीये का गं कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

भिंगरीने जोरजोरात मान डोलावली. मग अवाक्षर न बोलता ती कंबर हलवत चार पावलं सरळ गेली, गर्रकन वळली, मूळ जागी आली आणि पुन्हा कंबर हलवू लागली.

"अगं, तोंडाने सांग ना!"

"नाही सांगायची," तिची आई म्हणाली. "बालवाडीच्या बाईंनी चित्रांचं पुस्तक दिलंय. मधमाशी बोलत नाही, नाचून पत्ता सांगते म्हणे. आठवडाभर हेच चाललंय. परवा शू आल्याचंसुद्धा हिने नाचूनच सांगितलं. मला कळेपर्यंत उशीर झाला."

पुस्तक सापडलं, पण नेमकी नाचाची पानं मधाने एकमेकांना चिकटलेली. शेवटी आईने आपल्या फोनवरून बाईंनाच गाठलं.

"अय्या, भिंगरी नाचली?" बाईंना आनंद मावेना. "वर्गात कुणालाच जमलं नव्हतं हो!"

"बाई, इथे दाढ ठणकतेय!" डॉक्टर ओरडले.

"तुमची?"

"पेशंटची!"

"बरं, बरं. जेवढा वेळ कंबर हलते तेवढं लांब जायचं, आणि दिशा सूर्याच्या मानाने धरायची. पण असं ऐकून नाही कळायचं. व्हिडिओ लावते, जरा करून दाखवा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, इस्त्रीचा शर्ट सावरला आणि कंबर हलवली. समोरच्या खिडकीतल्या काकांनी पडदा सारला आणि हळूच काकूंनाही बोलावून घेतलं.

भिंगरीच्या आजोबांचा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला. ते होकायंत्र घेऊनच आले. "सरळ स्वयंपाकघर!" त्यांनी निकाल दिला. तांदळाचा डबा उपडा झाला, मग साखरेचा.

"आजोबा," फोनमधून बाई म्हणाल्या, "सूर्य कुठल्या हाताला धरलात?"

"उजव्या."

"मग चुकलंच की!"

मोजमाप नव्याने झालं आणि धुण्याच्या मशीनमधले ओले कपडे जमिनीवर आले. भिंगरी कपाळावर हात मारून घेत पुन्हा पुन्हा नाचत होती.

पावणेदहाला डॉक्टरांचा फोन वाजला. पेशंट आजी होत्या. "डॉक्टर, किल्ली दाराला बाहेरूनच लटकतेय. काल तशीच राहिली असणार. मी आत येऊन खुर्चीत बसलेय. तोंडावरचा दिवाही लावलाय. येताय ना?"

डॉक्टर बॅग उचलून दाराशी पोचले, तर मागून आजोबा म्हणाले, "मग ही इतका वेळ सांगतेय काय?"

सगळे भिंगरीकडे बघू लागले. तिचे डोळे भरून आले होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली.

"नाच बेटा. एकदाच."

या वेळी कुणी काही मोजलं नाही. भिंगरी कंबर हलवत पुढे, तिच्यामागे बाबा, आई, फोनमधल्या बाई आणि सगळ्यात मागे आजोबा. वरात बाल्कनीतल्या लिंबाच्या कुंडीपाशी थांबली. कुंडीत एक पांढरं फूल उमललं होतं आणि त्यात डोकं खुपसून एक मधमाशी बसली होती. पायांना पिवळे परागकण, अंगभर थरथर.

"ही बघा!" भिंगरीला आता राहवेना. "मी केव्हाची सांगतेय! आणि बाबा, मधमाशी किल्लीचं कशाला सांगेल? ती फुलाचंच सांगणार ना!"

"मलाही दाखवा, मलाही!" बाई फोनमधून ओरडल्या. आजोबांनी होकायंत्र खिशात टाकलं आणि ते गुडघे धरून खाली बसले.

फोन पुन्हा वाजला.

"निघालात का?" आजींनी विचारलं.

"दोनच मिनिटं, आजी."

"आता काय हरवलं?"

"हरवलं नाही हो," डॉक्टर कुजबुजत म्हणाले, कारण मधमाशी अजून बसलेली होती. "आमच्या लिंबाला फूल आलंय."

"मग बघून घ्या नीट," आजी म्हणाल्या. "दाढ काही उडून जात नाही."